रेघ वेगळी, मायनस वेगळा

आमची ओळख भांडणातून झाली. भांडण कशावरून? तर एका आडव्या रेघेवरून.

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, अकरावी-बारावीच्या गणिताचे क्लास सुरू केले होते. क्लास वर आणि बरोबर खाली झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. पहिल्याच आठवड्यात मी घरी प्रश्नपत्रिका टाईप केली, पेनड्राईव्ह घेऊन खाली गेले आणि म्हटलं, तीस प्रती काढा. कॉम्प्युटरसमोर पांढऱ्या झुपकेदार मिशांचे एक काका बसले होते. त्यांनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ पडद्याला लावलं आणि म्हणाले, "मॅडम, यात एक पन मायनस नाय."

"असं कसं? अकरा मायनस आहेत त्यात."

"अकरा रेघा हायत. शब्दाला शब्द जोडतात ना, त्या जोडरेघा. मायनस निराला."

माझं डोकं सटकलं. मी एम.एस्सी. झालेली बाई, आणि हा माणूस मला मायनस शिकवतोय! "अहो, तुम्ही प्रिंट काढा हो," मी म्हटलं. त्यांनी शांतपणे मान हलवली आणि एकेक करत अकराच्या अकरा रेघा बदलायला घेतल्या. माझ्यामागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. दुकानाचा सिंधी सेठ गल्ल्यावरून ओरडला, "अरे साईं, लाइन लगी है!" काकांनी मान वर केली नाही. शेवटी त्यांनी माझी पत्रिका आणि त्यांची पत्रिका अशी शेजारी शेजारी धरून दाखवली. मी म्हटलं, मला काडीचाही फरक दिसत नाही. हे खोटं होतं. त्यांचा मायनस जरासा लांब होता आणि प्लसच्या आडव्या दांडीच्या अगदी सरळ रेषेत बसला होता. पण हे कबूल कोण करणार?

काका सोनिवलीचे. बदलापूरजवळचं गाव. वडिलोपार्जित भातशेती होती, त्यातली अर्धीअधिक आता टॉवरखाली गेलेली. घरचं सगळं ठीकठाक, मुलगा म्हणायचा, बाबा आता घरी बसा. "घरी बसून करू काय? समोरच्या टॉवरचे मजले मोजू?" असं म्हणून हे रोज सकाळी स्कूटर काढायचे आणि बदलापूर, अंबरनाथ पार करून आमच्या कॅम्पात हजर. तरुणपणी ते अक्षरांचे खिळे जुळवायच्या छापखान्यात होते. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात प्रत्येक चिन्हाला लाकडी खोक्यात आपापलं घर असायचं. याच्या घरात तो ठेवला तर फोरमन बोटांवर पट्टी मारायचा. छापखाना बंद झाला, खिळे भंगारात गेले, पण ती पट्टी काकांच्या बोटांवर राहिली होती. गुणिले म्हणून कोणी साधा इंग्रजी x टाकला की ते "च्यक्" असा आवाज काढायचे आणि तो पुसून तिथे × बसवायचे. वरून आपल्याला ऐकवायचे, "एक्स यो एक्स हाय. त्याला गुन्याचा काम कशाला लावता?"

त्यांच्याकडे एक 'डबा' होता. म्हणजे एक साधी फाईल, पण तिचं नाव डबा, कारण घरातल्या मिसळणाच्या डब्यासारखी तिच्यात सगळी चिन्हं मांडून ठेवलेली. लागेल ते उचलायचं आणि पत्रिकेत टाकायचं. हा डबा त्यांनी तीन पेनड्राईव्हवर ठेवला होता, स्वतःलाच मेल केला होता आणि स्वतःच्याच व्हॉट्सॲपवरही पाठवून ठेवला होता. कॉम्प्युटर बिघडला तर? फोन पडला तर? या माणसाने घराच्या कागदांची एवढी काळजी घेतली नसेल.

आणि त्या चिन्हांना त्यांनी ठेवलेली नावं! ∴ म्हणजे चूल, तिचे तीन दगड. ∵ म्हणजे उलटी चूल. √ म्हणजे छप्पर. ≈ म्हणजे खाडी. ∫ म्हणजे गळ, मासे धरायचा. ∞ म्हणजे झोपलेला आठ. माझी पत्रिका तयार झाली की खालून हाक यायची, "मॅडम, तिसऱ्या गनितात चूल सुलटी ठेवू का उलटी?" वर क्लासमधली पोरं खिदळायची. त्या चुलीचा अर्थ 'म्हणून' असा होतो, उलटीचा 'कारण' असा होतो, हे मी त्यांना एकदा समजवायला गेले, तर म्हणाले, "तं तुमचा काम. मना ती दिसायला बरोबर पायजे." अर्थाची गोष्ट निघाली की हे काहीतरी निमित्त काढून प्रिंटरकडे जायचे. मला वाटायचं, असेल एकेकाचा स्वभाव.

या माणसाचा एकच शौक होता, आणि तोही डब्यातलाच. कॉम्प्युटरमध्ये गणिताच्या चिन्हांच्या शेजारीच इंग्रजी अक्षरांचा आणखी एक अख्खा संच असतो. जाड, तिरकी, वेलबुट्टीची. गणितात जाड A वेगळा आणि साधा A वेगळा असू शकतो, म्हणून गणितवाल्यांसाठी ती करून ठेवलेली. आपल्या डोळ्यांना ती नुसती नटलेली अक्षरं वाटतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती साध्या अक्षरांहून पूर्ण वेगळी चिन्हं असतात. काकांना हा खजिना सापडला आणि त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. "ही हलदीची कापडं," ते म्हणायचे. आगरी माणूस, हळदीला नटणार नाही तर कधी? मग कोणाचा वाढदिवस आला की त्याचं नाव वेलबुट्टीत लिहून सकाळी सकाळी पाठवायचे. मला दर वर्षी यायचं. सेठला यायचं. "आपल्या मराठी अक्षरांना अशी कापडं कोनी शिवली नाय," ही त्यांची कायमची खंत.

पण या कापडांनी घोळही घातले. फोनमधली सगळ्यांची नावं त्यांनी अशीच नटवून ठेवली होती, त्यामुळे साध्या अक्षरांत शोधलं की फोन म्हणायचा, असं कोणी नाही. काका बिचारे प्रत्येक फोन लावायला सगळी यादी बोटाने सरकवत बसायचे. एकदा आमच्या इमारतीच्या पाण्याची तक्रार ऑनलाईन भरायची होती. मी म्हटलं, काका, भरा माझ्या नावाने. त्यांनी प्रेमाने माझं नाव वेलबुट्टीत टाकलं. पडद्यावर लाल ओळ आली, 'नावात फक्त अक्षरे लिहा.' काका पडद्याशी भांडायला लागले, "अक्षरंच हायत की ही! डोला फुटला का तुजा?" तीनदा भरलं, तीनदा लाल. मी हसून हसून लोटपोट झाले. तेव्हा हसले, पण त्यातून आम्ही दोघांनी वेळीच धडा घ्यायला हवा होता.

मग प्रज्ञा आली.

ती अंबरनाथहून आईबरोबर रिक्षाने आली. वडील आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर. पोरगी जन्मापासून आंधळी. दहावीला अशा मुलांना सोपं गणित घ्यायची सवलत असते, ती हिने घेतली नव्हती. सगळ्यांचं असतं तेच गणित घेऊन पास झाली होती, आणि आता अकरावी कॉमर्सलाही गणितच हवं म्हणत होती.

"कॉलेजात सांगतात, गणित सोडा, एस.पी. घ्या," आई म्हणाली. एस.पी. म्हणजे ऑफिसचा पत्रव्यवहार वगैरे. गणित नको असलेली मुलं तो विषय घेतात. "पहिल्या परीक्षेपर्यंत विषय बदलता येतो म्हणाले. मी हिला सांगितलंय, पहिल्या परीक्षेत नापास झाली तर एस.पी. मला हिचं हसं झालेलं नाही बघवणार मॅडम. हिला काय, दिसत नाही कोण हसतंय ते."

"आई, ऐकू येतं मला. मी इथेच बसलेय," प्रज्ञा म्हणाली.

खरं सांगते, मला घाम फुटला होता. फळ्यावर शिकवणारी मी, या मुलीला काय देणार? नाही म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. पण ती एवढी ताठ बसली होती की मला नाही म्हणताच आलं नाही.

मी फळ्याचे फोटो काढून सगळ्या पोरांना पाठवायचे. आंधळ्या माणसांच्या फोनमध्ये एक बोलणारा आवाज असतो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय लिहिलंय ते तो वाचून दाखवतो. पण फोटो त्याला वाचता येत नव्हता. प्रज्ञाचा फोन माझ्या प्रत्येक फोटोवर "इमेज" म्हणून गप्प बसायचा. मग मी तिच्यासाठी गणितं स्वतः टाईप करून पाठवायला लागले. पाच गणितं पाठवली. दुसऱ्या दिवशी तिने उत्तरं सांगितली, ती सगळीच्या सगळी चूक. जिथे x मधून तीन जायला हवेत, तिथे ही तीन गुणिले x करून बसलेली.

"अगं, मायनस काय खाल्लास काय?" मी तिच्यावर खेकसले.

तिने फोन माझ्या कानाशी धरला आणि ओळीवरून बोट फिरवलं. मी 'x - 3 = 7' असं टाईप केलं होतं. फोन बोलला, "एक्स थ्री इक्वल्स सेव्हन." पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. माझी रेघ त्याने सरळ गिळून टाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने रात्रभर खपून, जे ऐकू आलं ते अगदी बरोबर सोडवलं होतं, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या.

मी तिचा हात धरून तिला खाली घेऊन गेले आणि काकांना सगळं सांगितलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बघा, मी सांगत होतो. काकांनी नुसता डबा उघडला, त्यातून मायनस उचलला, माझ्या रेघेच्या जागी ठेवला आणि ओळ तिच्या फोनवर पाठवली. प्रज्ञाने बोट फिरवलं.

"एक्स मायनस थ्री इक्वल्स सेव्हन."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "परत बोलव," ते म्हणाले. तिने परत बोलवलं. "बोल्ला," ते म्हणाले. "मॅडम, बोल्ला तो!" इतकी वर्षं ज्याला त्यांनी जपून जागेवर ठेवलं, त्याचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्यांची माफी मागितली. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे ती एवढी अडखळत मागितली की प्रज्ञा फिसकन हसली.

त्याच दिवशी काकांनी जाहीर केलं की परीक्षेला असलेले चारही धडे ते या पोरीसाठी बनवणार. माझ्या हाताने लिहिलेल्या वह्या त्यांनी मागून घेतल्या आणि तीन आठवडे दुपारची सगळी कामं बाजूला सारली. काही बघायला गेलं की पडदा वळवायचे. "झाल्यावर." सेठ कुरकुरला, "काका, दुकान चलाना है कि नहीं?" मग तोही गप्प झाला. त्याने प्रज्ञाला जिना चढताना पाहिलं असावं.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि पुस्तक तयार झालं. काकांनी प्रज्ञाच्या आईलाही बोलावून घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आंधळ्या पोरीसाठी त्यांनी एक छापील प्रतही काढून, बांधून ठेवली होती. का, तर म्हणे पुस्तक हातात पाहिजे. मी ती उघडली आणि थक्क झाले. इतकी देखणी गणितं मी छापील पाठ्यपुस्तकातही पाहिली नव्हती. प्रत्येक x कसा डौलात तिरका झुकलेला. पहिल्या पानावर वेलबुट्टीत प्रज्ञाचं नाव.

"लाव पोरी फोनवर," पुस्तकाची फाईल तिला पाठवून काका म्हणाले.

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. फोन गप्प. तिने बोट उचलून परत ठेवलं. "काका, इथे काही नाहीये. रिकामं आहे."

"तुजा नाव हाय तिथं," काका म्हणाले.

तिने बोट खाली नेलं. फोन बोलायला लागला, "टू... प्लस फाईव्ह... इक्वल्स नाईन." मग पुढची ओळ, "थ्री... मायनस... इक्वल्स झिरो." सगळे आकडे होते, सगळी चिन्हं होती, आणि एकही x नव्हता, एकही y नव्हता. गणिताच्या पुस्तकात x तिरका असतो म्हणून काकांनी जिथे जिथे x होता तिथे तिथे डब्यातला हळदीच्या कापडातला x घातला होता. चार धडे. साध्या अक्षराला ओळखणारा फोन त्या नटलेल्याला ओळखतच नव्हता. तिच्या नावालाही नाही.

काका उठले, बाहेर गेले आणि स्कूटरच्या सीटवर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले. प्रज्ञाच्या आईने पर्स उचलली. "राहू दे मॅडम," ती हळूच म्हणाली. "तुम्ही लोकांनी खूप केलं. उद्या मी कॉलेजात जाऊन एस.पी.चं लिहून देते."

"आई, थांब जरा." प्रज्ञा उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "काका! x साधा टाकता येईल का?"

काका आत आले. डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, काका, यात काय एवढं, सगळे एकदम बदलता येतात, मी दाखवते. अर्ध्या तासात तिरके x आणि y जाऊन साधे आले. प्रज्ञाच्या फोनने पहिलं अख्खं समीकरण म्हणून दाखवलं तेव्हा मी तर टाळीच वाजवली. म्हटलं, झालं काम.

"नाय झाला," काका म्हणाले. "मी डोल्यांनी बघून बनवला. आता मना माज्या डोल्यांचा भरोसा नाय."

दुसऱ्या दिवशी मी क्लासला आले तर हे गृहस्थ डोळ्यांवर टॉवेल बांधून बसलेले, कानाशी फोन, बोट पडद्यावर. सेठ गिऱ्हाइकांना समजावून थकला होता. एक बाई तर जाता जाता सांगून गेली, मोतीबिंदू काढलाय तर दुकानात कशाला बसवता हो म्हाताऱ्याला, धूळ जाते. काका ऐकत होते आणि एकेक ओळीतली चूक पकडत होते. फोन कंस गिळत होता. अपूर्णांक वरखाली लिहिलेले, ते वाचताना वरचे आणि खालचे एकात एक मिसळत होते. आणि छप्पर! कागदावर √ ची आडवी दांडी जिथपर्यंत, तिथपर्यंत छप्पर, हे दिसतं. आवाजात दांडी कुठली? छप्पर सुरू झालेलं कळायचं, संपलेलं कळायचंच नाही.

मग त्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर दहा मिनिटांनी टॉवेल कपाळावर सरकवून जिना चढून वर, "मॅडम, ह्या गनितात छप्पर कुठपरत? प्लस एक आत का भायेर?" जो माणूस अर्थाचं नाव काढलं की प्रिंटरकडे पळायचा, त्याला आता अर्थाशिवाय एक ओळ पुढे सरकता येत नव्हतं. मी शिकवत असेन तरी दारात उभे. मी चिडायचे, पोरं हसायची, पण उत्तर घेतल्याशिवाय माणूस हलायचा नाही.

तिसऱ्या दिवसापासून प्रज्ञा कॉलेज सुटलं की थेट दुकानात यायला लागली. दोघं फोन मध्ये ठेवून बसायचे. एक जन्माची आंधळी, एक टॉवेलने झालेला. ती सांगायची, "काका, इथे मला कळलं नाही, आधी बेरीज का आधी भागाकार?" मग ते कंस घालायचे, तो बोलत नसेल तर शब्दच लिहायचे, 'कंस उघडा', 'कंस बंद'. छप्पर संपलं की 'छप्पर बंद'. फोनमधली ती इंग्रजी वळणाची बाई "चॅप्पर बॅण्ड" असं काहीतरी म्हणायची, आणि हे दोघं इतके हसायचे की सेठ गल्ला सोडून बघायला यायचा. आठवड्याभरात चार धडे ऐकून संपले. शेवटचा धडा परीक्षेच्या आदल्या दुपारी संपला.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी पोचले तर काका माझ्याआधी तिथे. तिची आई एका बाकावर, हे दुसऱ्या बाकावर. प्रज्ञाला लिहून द्यायला नववीतली एक मुलगी दिली होती. ही सांगणार, ती लिहिणार. तीन वेळा काकांनी मला विचारलं, "ती लिवनारी पोरगी बरोबर लिवील ना?" मी म्हटलं, लिहील. मला काय माहीत?

निकाल लागला तेव्हा प्रज्ञा आणि तिची आई आधी दुकानात आल्या, मग वर माझ्याकडे निरोप आला. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. पन्नासपैकी एकतीस. आई भिंतीशी उभी राहून पदराने तोंड पुसत होती. "आता मी एस.पी.चं नाव काढणार नाही मॅडम," ती म्हणाली, "हिला करायचं ते करू दे." सेठने सगळ्यांना गुलाबजाम मागवले. काकांच्या हातात वाटी तशीच.

"बाकीचे एकोनीस कुठं गेले?" त्यांनी विचारलं. "माज्या टायपिंगनं गेले का?"

"नाही हो काका. दहा गेले वेळेच्या गडबडीत आणि नऊ माझ्या आळसाने," प्रज्ञा म्हणाली.

त्यांनी मान हलवली, वाटी खाली ठेवली. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "पोरी, एक इचारू? हसू नको. एक्स म्हंजे किती?"

मी हसणारच होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. मग त्यांनी सांगितलं. नववीत असताना त्यांनी हाच प्रश्न सरांना विचारला होता. वर्ग हसला, सरांनी बाहेर काढलं, आणि हे बाहेर गेले ते परत शाळेत गेलेच नाहीत. सरळ छापखान्यात. पहिल्याच महिन्यात कोणा क्लासवाल्याची गणिताची पुस्तिका जुळवायला आली, आणि त्यात पानोपानी तोच एक्स. "लाखभर एक्स मी जुलवले नि टाईप केले," काका म्हणाले. "मनात बोलायचो, चूक जुलवायचा नाय, बस. तुजा किती तं मना कोन सांगनार, नि इचारू कोनाला? मॅडमला इचारायची लाज वाटली."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दहा पावलांवर, वरच्या मजल्यावर मी रोज तेच शिकवत होते, आणि या माणसाला माझीच भीती वाटत होती. मी केवढ्याने तरी ओरडत असणार शिकवताना. प्रज्ञा मात्र हसलीही नाही आणि गहिवरलीही नाही. तिने चाचपून शेजारचं स्टूल ओढलं आणि काकांच्या कॉम्प्युटरजवळ बसली.

"एक्स कितीही असतो काका. दर वेळी शोधून काढायचा असतो. लिहा. दोन एक्स, प्लस तीन, बरोबर तेरा."

काकांनी टाईप केलं. हाताने लिहायला त्यांनी नकार दिला. म्हणाले, मना हितंच सुचतं. ती एकेक पायरी विचारत गेली. तीन इकडून घालवायचे तर काय कराल? मग तिकडचेही घालवायला नकोत का? दोन एक्सचे दहा, तर एका एक्सचे किती? सांगितलं काहीच नाही, नुसतं विचारत राहिली. काका अडकले की ती थांबायची. मला तोंडावर उत्तर आलेलं आवरत नव्हतं, मी दोनदा बोलायला गेले, तर तिने हात वर करून मला गप्प केलं. मला, तिच्या मॅडमला! शेवटी पडद्यावर आलं, x = 5.

"पाच," काका म्हणाले. "पाच हाय?"

"मला काय विचारता? एक्सच्या जागी पाच ठेवून बघा ना."

त्यांनी ठेवला. दोन गुणिले पाच, दहा. अधिक तीन, तेरा. इकडे तेरा, तिकडे तेरा. काका पडद्याकडे बघत राहिले. की-बोर्डवरची बोटं तशीच. झेरॉक्स मशीनसमोर कोणीतरी आधार कार्ड घेऊन उभं होतं, सेठने त्याला हाताने थांबवलं.

प्रज्ञा वाट बघत होती. मग तिने माझ्या दिशेने मान वळवली. "मॅडम, काका बोलत का नाहीत? चुकलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "अगदी बरोबर आलंय. रडतायत ते."

"रडू देत. मीपण रडले होते पहिल्यांदा," प्रज्ञा म्हणाली. मग तिने स्टूल आणखी पुढे ओढलं आणि त्यांना दुसरं गणित घातलं, थोडं अवघड.